बाळंतपणातच ऑपरेशन करायचं का? सातव्या महिन्यापासून दाखला हातात येईपर्यंत

दुसऱ्या बाळंतपणाला बाई भरती झाली की वॉर्डात कुणीतरी हमखास विचारतं, "ऑपरेशन पण करून घ्यायचंय ना?" विचारणारी कधी सिस्टर असते, कधी सासूबाई, कधी शेजारच्या खाटेवरची बाळंतीण. ऑपरेशन म्हणजे नसबंदी, गर्भनलिका (नळ्या) बांधून पुढचं मूल कायमचं थांबवणं. उत्तर मात्र तिला सोडून बाकी सगळे देतात. नवरा व्हरांड्यात फोनवर घरच्यांशी बोलून येतो, आई म्हणते "एकदाच काय ते होऊन जाऊ दे", आणि कळा सोसणारी ती मान हलवते. तेवढ्यावर कुणी कागद पुढे केला तर तो बाजूला ठेवायचा हक्क तिला आहे.

मी सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागात समुपदेशनाचं काम करते. डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या तब्येतीबद्दल शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण या विषयाशी पहिल्यांदाच गाठ पडलेल्या जोडप्याला काय माहीत असायला हवं आणि कोणत्या क्रमाने, हे रोज सांगते. तेच इथे लिहिते आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण शंभरात एकसुद्धा भरत नाही. हे दोन आकडे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

पहिली पायरी: सातव्या महिन्यात बोला

निर्णयाची जागा प्रसूतीची खोली नव्हे. गरोदरपणाच्या तपासण्या सुरू असतात तेव्हा, सहाव्या-सातव्या महिन्यात, डोकं शांत असताना हा विषय काढा. ठरलं तर डॉक्टरांना सांगून तपासणीच्या कार्डावर लिहून घ्या. याचा फायदा दुहेरी. तुम्हाला मन बदलायला दोन महिने मिळतात, आणि सिझेरियन करावं लागलं तर भूलतज्ज्ञ हातात सुई घेऊन उभे असताना कुणाला विचारपूस करत बसावं लागत नाही.

आता स्वतःला विचारायचे प्रश्न. ते कडू आहेत, पण मी ते गाळत नाही. देव न करो, पण दोनांतलं एक मूल गेलं तर? हा संसार मोडला आणि पुढे दुसरं लग्न झालं तर? पाच वर्षांनी पैशाची ओढाताण संपली तर? "तरीही नको" असं उत्तर आलं तर तुम्ही तयार आहात. "तेव्हा बघू" असं आलं तर तुम्हाला कायमचा उपाय नको, लांब मुदतीचा हवा आहे. तोही मिळतो, त्याबद्दल पुढे सांगते.

वयाचा मुद्दा आपल्याकडे फार हलक्यात घेतला जातो. अमेरिकेत 'क्रेस्ट' नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात नसबंदी झालेल्या हजारो स्त्रियांची पुढे १४ वर्षांपर्यंत विचारपूस केली गेली. ऑपरेशनच्या वेळी तिशीत किंवा त्याहून लहान असलेल्यांपैकी सुमारे २० टक्के स्त्रियांनी पुढे पश्चात्ताप बोलून दाखवला, तिशी ओलांडलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ६ टक्के होतं. आपल्याकडे कित्येक जणींचं ऑपरेशन पंचविशीच्या आतच उरकतं. म्हणून चोविसाव्या वर्षी दुसरं बाळंतपण असलेल्या मुलीला मी घाई करू देत नाही, तिच्या सासूबाईंनी माझ्याकडे कितीही रागाने बघितलं तरी.

"नळ्या परत जोडता येतात की" हेही खूप ऐकू येतं. जोडायची शस्त्रक्रिया आहे, पण ती मोठी आहे, खर्चिक आहे आणि यशाची खात्री नाही. नळीचा किती भाग उरलाय आणि बाईचं वय काय, यावर सगळं अवलंबून. परत जोडू, असं मनात धरून कुणीही कापून घेऊ नये.

आणखी एक प्रकार. "मुलगा झाला तर ऑपरेशन, मुलगी झाली तर बघू." असं घरात ठरलेलं असेल तर खरं तर काहीच ठरलेलं नाही. अशा वेळी मी सरळ तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी) सुचवते. टेबलावर बाळाचं लिंग कळल्यावर पाच मिनिटांत घेतलेला निर्णय त्या बाईला आयुष्यभर पुरवायचा असतो.

दुसरी पायरी: आणखी मूल नको हे ठरलं, मग ऑपरेशन कुणाचं?

हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि घरोघरी त्यांची खिचडी होते. मूल नको हे दोघांचं ठरलं की ऑपरेशन तिचंच, असं गृहीत धरलं जातं.

पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी ही दोन्हींतली लहान शस्त्रक्रिया. पोट उघडावं लागत नाही. अंडकोषाच्या त्वचेपुरती भूल देतात, एका बारीक छिद्रातून दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या बांधून कापतात, आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. ताकद कमी होत नाही, दाढी-मिशी, इच्छा, ताठरता यांत काही फरक पडत नाही, कारण पुरुषी संप्रेरक रक्तातून जातं, त्या नळीतून नव्हे. एक पथ्य मात्र कडक आहे. नसबंदी लगेच लागू होत नाही. तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्याची तपासणी करून शुक्रजंतू उरले नाहीत याची खात्री करायची. पुरुष नसबंदीनंतर "तरी राहिलंच" अशी ओरड होते, त्यात या तीन महिन्यांतली ढिलाई बऱ्याचदा सापडते. आणि मग संशय बायकोवर.

आणीबाणीत, १९७६ च्या सुमारास, देशभर पुरुषांच्या सक्तीच्या नसबंद्या झाल्या. ती धास्ती घराघरांत अजून मुरलेली आहे, हे मला समजतं. पण त्या जबरदस्तीची भरपाई गेली पन्नास वर्षं बायका करत आहेत, हेही बोललं पाहिजे.

माझं मत विचाराल तर असं. सिझेरियन होणारच असेल आणि निर्णय आधी झालेला असेल तर त्याच वेळी नळ्या बांधून घेणं शहाणपणाचं, कारण पोट उघडलेलंच असतं, भूल तीच, जखम तीच, दवाखान्यातला मुक्कामही तोच. नॉर्मल प्रसूती झाली असेल तर आधी नवऱ्याकडे बघा. एका बाळंतिणीच्या पोटावर नवी जखम करण्यापेक्षा तीन महिन्यांनी त्याने एक दिवस सुट्टी काढलेली बरी.

तिसरी पायरी: मध्यममार्ग माहीत करून घ्या

मनात थोडी जरी शंका असेल तर इथे थांबा.

प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते, सिझेरियनमध्ये तर तिथल्या तिथे. ती वेळ हुकली तर सहा आठवड्यांनी. ३८० ए जातीची तांबी दहा वर्षं चालते आणि हवी तेव्हा काढता येते. पंचविशीतल्या बाईसाठी ही जवळपास नसबंदीच, फक्त परतीची वाट उघडी असलेली. 'अंतरा' हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं, अंगावर पाजणाऱ्या आईने सहा आठवड्यांनंतर सुरू करायचं. 'छाया' या गोळीत संप्रेरक नाही. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत शोधलेली ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची. दुधावर तिचा परिणाम होत नाही. तिन्ही सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

"अंगावर पाजतेय म्हणजे दिवस राहणार नाहीत" यावर मात्र फार विसंबू नका. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, रात्रंदिवस फक्त अंगावरच पीत असेल आणि पाळी आलेली नसेल, या तिन्ही अटी एकत्र असतील तोवरच ते खरं.

चौथी पायरी: नियम आणि सही

सरकारी नियमाप्रमाणे बाईचं वय २२ च्या वर आणि ४९ च्या आत हवं, ती विवाहित किंवा पूर्वी विवाहित असावी, आणि किमान एक मूल एक वर्षापेक्षा मोठं असावं. म्हणजे पहिल्याच बाळंतपणात सरकारी कार्यक्रमातून ऑपरेशन होत नाही. वैद्यकीय कारण असेल तर गोष्ट वेगळी.

सही तिची लागते. नवऱ्याची नाही. सरकारी मानकांमध्ये हे स्पष्ट आहे. तरी अनेक खासगी दवाखाने नवऱ्याची सही मागतात, आणि उलट बाजूला नवऱ्याने सही केली की बाईला विचारायचंच राहून जातं. पहिल्यापेक्षा मला हे दुसरं जास्त खटकतं. फॉर्म मराठीत मागा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. त्यात चार गोष्टी असतात: उपाय कायमचा आहे, इतर साधनं उपलब्ध आहेत, क्वचित तो फसू शकतो, आणि नाही म्हटलं तरी बाकीच्या सेवा बंद होणार नाहीत. टेबलावर चढेपर्यंत "नको" म्हणता येतं. गुंगीत किंवा दडपणाखाली घेतलेली संमती ही संमतीच नाही.

आशाताईंना एका केसमागे थोडा मोबदला मिळतो. त्यात गैर काही नाही, त्या तुमच्याबरोबर उन्हातान्हात दवाखान्यात येतात. पण त्या आग्रह करत असतील तर ही गोष्ट तुम्हाला माहीत असलेली बरी.

आणि शिबिराबद्दल. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली आणि त्यातल्या डझनाहून अधिक बायका दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच, की ऑपरेशन नेहमीच्या शस्त्रक्रियागृहात आणि नेहमीच्या कर्मचाऱ्यांच्या हातून होतंय ना, हे बघा.

पाचवी पायरी: वेळ साधायची की थांबायचं

बाळंतपणातलं ऑपरेशन प्रसूतीपासून सात दिवसांच्या आत करतात. त्या दिवसांत गर्भाशय बेंबीच्या आसपास असतं, त्यामुळे बेंबीच्या खाली दोन-तीन सेंटिमीटरच्या चिरेतून नळ्या हाताला लागतात. आठवडा उलटला की गर्भाशय खाली ओटीपोटात उतरू लागतं, मग सहा आठवडे थांबावंच लागतं. दुर्बिणीचं ऑपरेशन बाळंतपणात करत नाहीत, ते नंतरचं.

काही बायकांनी ही संधी सोडलेलीच बरी. ताप आलाय, पाणी जाऊन चोवीस तासांपेक्षा जास्त वेळ लोटला होता, रक्तदाब फार चढलाय किंवा झटके आले, खूप रक्तस्राव झाला, हिमोग्लोबिन ७ च्या खाली आहे, तर डॉक्टर स्वतःच थांबवतील. न थांबवल्यास तुम्ही विचारा.

आणि बाळ. हे मी सर्वांत आधी बघते. बाळ कमी दिवसांचं असेल, पेटीत ठेवलं असेल, रडायला उशीर झाला असेल, तर ऑपरेशन पुढे ढकला. बालरोगतज्ज्ञांनी बाळ तपासून "छान आहे" म्हणेपर्यंत कुणीही, अगदी कुणीही, घाई करू नये. सहा आठवड्यांनी दुर्बिणीचं ऑपरेशन होतं, नवऱ्याचं केव्हाही होतं. मधल्या काळासाठी निरोध आहे.

सहावी पायरी: ऑपरेशनचा दिवस

आधी सहा तास पोटात अन्न नको. पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञांना विचारा. घरचे प्रेमाने चहा-बिस्कीट देतात आणि नंबर दुसऱ्या दिवशीवर जातो. जोडवी, बांगड्या, मंगळसूत्र काढून घरच्यांकडे द्या, नेलपॉलिश पुसा. टेबलावर जाण्याआधी लघवी करून घ्या, कारण भरलेलं मूत्राशय चिरेच्या वाटेत येतं.

भूल कमरेत देतात, किंवा गुंगीच्या इंजेक्शनबरोबर पोटाच्या त्वचेपुरती. त्वचेपुरती भूल असेल तर चिरा जाणवत नाही, पण नळी बाहेर ओढतात तेव्हा पोटात खोल ओढ बसते आणि मळमळतं. हे आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही. डॉक्टर नळी तिच्या झालरीसारख्या टोकापर्यंत नजरेने माग काढत जातात, कारण शेजारी तशीच दिसणारी गर्भाशयाची दोरी असते आणि चुकून ती बांधली तर सगळं फुकट. मग नळीच्या मध्यभागाचा एक वळसा उचलून दोऱ्याने बांधतात आणि वरचा तुकडा कापतात. दोन्ही बाजू धरून अर्ध्या तासाचं काम. काही डॉक्टर आता पूर्ण नळीच काढायचा सल्ला देतात, कारण अंडाशयाच्या कर्करोगाचा एक प्रकार नळीतूनच सुरू होतो. तसा विषय निघाला तर दचकू नका, फक्त परत जोडायचा प्रश्नच उरत नाही हे लक्षात ठेवा.

गर्भाशय आणि अंडाशय जागेवरच राहतात. पाळी येत राहते. दर महिन्याचं स्त्रीबीज शरीरात आपोआप जिरतं. "ऑपरेशननंतर अंगावरून जास्त जातं, वजन वाढतं, कंबर धरते" हे सगळं गावोगाव ऐकायला मिळतं. नळ्या बांधल्याने पाळी बिघडत नाही हे मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. दोन बाळंतपणं, लोहाची कमतरता आणि रोजचं वाकून काम, यांचा दोष ऑपरेशनच्या माथी मारला जातो. आणि मग कंबरदुखीचा इलाज कुणी करतच नाही.

सातवी पायरी: घरी आल्यावर

बाळंतिणीची झीज आणि शस्त्रक्रियेची जखम एकाच वेळी भरून यायची असते. घरच्यांना मात्र बाळंतपण तेवढं दिसतं, कारण बाळ रडतं, जखम रडत नाही.

दुखणं ओळखायला शिका. पाजायला घेतल्यावर ओटीपोटात वेणांसारखी कळ येते, ती गर्भाशय आवळल्याची. दुसऱ्या बाळंतपणात ती जास्तच असते आणि चार-पाच दिवसांत ओसरते. बेंबीखाली उठता-बसता चुरचुरतं किंवा ओढतं, ते टाक्यांचं. दोन्ही नेहमीचं आहे. रोज थोडं कमी व्हायला हवं, एवढंच. डॉक्टरांनी दिलेली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन पाजणाऱ्या आईला चालते. "दुधातून बाळाला जाईल" म्हणून दुखणं सोसत बसू नका. कमरेत भूल दिली असेल आणि बसलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की थांबतं, असं होत असेल तर डॉक्टरांना सांगा.

खाटेवरून उठायची एक पद्धत आहे, ती पहिल्याच दिवशी शिका. सरळ उताणं असताना मान वर करून उठू नका. आधी गुडघे दुमडा, एका कुशीवर वळा, पाय खाटेखाली सोडा आणि कोपराने खाट दाबत बसत्या व्हा. दुसरा हात जखमेवर. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की छोटी उशी किंवा घडी केलेली चादर पोटावर घट्ट धरा. पाजताना बाळाचे पाय जखमेवर येतात, म्हणून कुशीवर झोपून पाजा, किंवा बाळाला काखेखाली धरून त्याचे पाय पाठीमागे जातील असं घ्या.

त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी वॉर्डात चार पावलं चाला. दोन दिवसांनी हलकी कामं चालतात. हलकी म्हणजे स्वतःचं पान वाढून घेणं, बाळाचे लंगोट घडी करणं. पाण्याची कळशी, गॅसची टाकी, ओल्या कपड्यांची बादली, दळणाचा डबा हे दोन आठवडे नाही, सिझेरियन असेल तर सहा आठवडे नाही. सगळ्यांत अवघड पथ्य मोठ्या मुलाचं. तीन वर्षांचं पोर आधीच बिथरलेलं असतं, धावत येऊन अंगावर झेपावतं. तुम्ही खाली बसा आणि त्याला मांडीशी घ्या, उभ्याने उचलू नका.

जखम पहिले चोवीस तास कोरडी ठेवा, पुढे अंघोळ करा पण पट्टी भिजवू नका, चोळू नका. आता आपले बाळंतपणातले रिवाज. तेल लावायला येणाऱ्या मावशींना पोट सोडून हात-पाय-पाठ चोळायला सांगा. शेगडी आणि धुरी जखमेलाही नको आणि बाळाच्या नाकालाही नको. पोट आवळून बांधायची हौस असेल तर टाके निघाल्यावर, सैलसर, आणि डॉक्टरांना विचारून.

खाण्याचं तर विचारूच नका. भात खाल्ला तर टाके पिकतात म्हणे, पाणी प्यायलं तर पोट सुटतं म्हणे, वांगं नको, फळं नकोत. भाताने पू होत नाही, अस्वच्छतेने होतो. पाणी भरपूर प्या, नाहीतर दूधही आटतं आणि बद्धकोष्ठही होतं. संडासला जोर लावल्यावर टाक्यांना काय वाटतं ते कुणाही बाळंतिणीला विचारा. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी खुशाल खा, त्याबरोबर डाळी, अंडी, पालेभाज्या हव्यातच. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने चालू ठेवा, दोन्ही एकाच वेळी घेऊ नका.

टाके साधारण सातव्या दिवशी काढतात. विरघळणारे असतील तर काढायचे नसतात, पण दाखवायला जायचंच. संबंध कधी ठेवायचे? नळ्यांच्या जखमेला एक-दोन आठवडे पुरतात, पण बाळंतपणाची अंगावरची जखम आणि स्राव यांसाठी सहा आठवडे थांबा, आणि त्यानंतरही तुमची इच्छा झाल्यावरच. "आता तर धोका नाही" हे नवऱ्याचं वाक्य कारण म्हणून पुरेसं नाही.

नोकरी करणाऱ्या बायकांसाठी एक गोष्ट. ऑपरेशन नंतर वेगळं करून घेतलं तर त्या दिवसापासून दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने आहे. प्रमाणपत्र जोडून अर्ज करा.

ताबडतोब दवाखाना गाठायची वेळ

यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका:
- १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, थंडी वाजून येणं
- जखम लाल, गरम, ठणकणारी, तिच्यातून पू किंवा रक्त
- पोट फुगून टणक होणं, उलट्या, वारा न सरकणं, दुखणं कमी होण्याऐवजी वाढत जाणं
- तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणं, किंवा घाण वासाचा स्राव
- लघवी न होणं
- एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, दम लागणं
- डोकं फुटल्यासारखं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चक्कर येऊन पडणं

१०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. बाळंतीण आणि बाळासाठी १०२ ची मोफत गाडीही आहे.

मनाचंही लक्षात असू द्या. बाळंतपणात तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं नेहमीचं. पण दोन आठवडे उलटूनही झोप, भूक, बाळाची ओढ काहीच नसेल, "आता सगळं संपलं" असं वाटत असेल, तर सांगा. 'टेलिमानस'चा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलतात. ऑपरेशनचा निर्णय बरोबर असूनही वाईट वाटू शकतं. एक दार बंद झालं याचं वाईट वाटणं आणि पश्चात्ताप यांत फरक आहे.

शेवटची पायरी: कागद

सरकारी कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रीला ६०० रुपये, इतर स्त्रियांना २५० रुपये आणि पुरुषाला १४५१ रुपये मोबदला मिळतो. पैसे खात्यात येतात, म्हणून पासबुक आणि आधारची प्रत भरतीच्या वेळीच द्या. पैशापेक्षा महत्त्वाचा आहे तो नसबंदीचा दाखला. तो त्याच दिवशी मिळत नाही. एक महिन्याने किंवा पहिली पाळी आल्यावर, जे आधी होईल तेव्हा देतात. पाजणाऱ्या आईला पाळी उशिरा येते, त्यामुळे तुम्ही महिन्याने जायचं. राज्य सरकारच्या मुलींसाठीच्या 'लेक लाडकी' योजनेच्या पुढच्या हप्त्यांना आई किंवा वडील, दोघांपैकी एकाचा दाखला लागतो. घरात दाखला नाही म्हणून सरकारी योजनेचं काम अडकलेल्या बायका दर महिन्याला भेटतात. मूळ प्रत बँकेच्या कागदांत ठेवा, फोटो काढून मोबाइलमध्येही ठेवा.

दाखल्याचा दुसरा उपयोग कुणालाच नको असतो, पण सांगते. हे ऑपरेशन क्वचित फसतं. 'क्रेस्ट'च्या अभ्यासात बाळंतपणात केलेल्या ऑपरेशनांपैकी हजारी सात-आठ जणींना दहा वर्षांच्या काळात दिवस राहिले. म्हणून पुढे कधीही पाळी चुकली तर "माझं ऑपरेशन झालंय" म्हणून बसून राहू नका. त्याच आठवड्यात तपासणी करा. अशा गर्भांपैकी साधारण एकतृतीयांश नळीत राहिलेले असतात, आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. एका बाजूला पोटात दुखणं, थोडं थोडं रक्त जाणं, खांद्यात कळ, घेरी, असं झालं की थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि पहिल्याच वाक्यात ऑपरेशन झाल्याचं सांगा. गर्भ गर्भाशयात असेल आणि नको असेल तर साधन फसल्याच्या कारणावरून २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने कायदेशीर गर्भपात करता येतो. ऑपरेशन सरकारी किंवा मान्यताप्राप्त दवाखान्यात झालं असेल तर कुटुंबनियोजन भरपाई योजनेतून ६० हजार रुपये मिळतात. त्यासाठी गर्भ राहिल्याचं कळल्यापासून ९० दिवसांत, नसबंदीचा दाखला, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि संमतीपत्राची प्रत घेऊन, ऑपरेशन झालं त्याच दवाखान्यात अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.